काठीच्या जागी छत्री

१

भाड्याची गाडी शाळेच्या फाटकाशी थांबली. गणिताच्या बाईंनी दार उघडलं, एक पाय रस्त्यावर टेकवला, आणि सवयीने पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून काठी काढून तिला झटका दिला.

रोज त्या झटक्याबरोबर घडीची पांढरी काठी खटाखट सरळ होत असे. तिचा एक सांधा जरा सैल होता, त्यामुळे सगळ्यात शेवटी बारीकसा 'टिक' असा आवाज येई. बाईंना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की, तो ऐकल्याशिवाय त्या दुसरा पाय खाली टेकत नसत.

आज खटाखट झालं नाही. टिकही झालं नाही. हातातली वस्तू गप्प राहिली.

बाईंनी ती चाचपली. प्लास्टिकची मूठ, गुंडाळलेलं निसरडं कापड, आणि कापडाभोवती बारीक दोरीचा फास.

"काय हो बाई," फाटकातून वॉचमन म्हणाले, "आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि आज छत्री?"

गाडीच्या दुसऱ्या दाराने चित्रकलेचे सर उतरत होते. ते अधूनमधून वाटेतल्या चौकात याच गाडीत चढत. "आणि छत्री तरी केवढी झकास," ते म्हणाले. "गुलाबी रंग, वर पिवळी बदकं. कुठल्या बालवाडीतून पळवलीत?"

"ही माझी नाही," बाई म्हणाल्या. "माझी काठी कुठे आहे?"

मग कुणी हसलं नाही. ड्रायव्हरने सीटखाली हात घालून पाहिलं. सरांनी मागची डिकी उघडायला लावली. वॉचमन गुडघे टेकून गाडीखाली डोकावले. काठी कुठेच नव्हती.

जन्मापासून दिसत नसलेल्या माणसाला अंधाराची भीती वाटत नाही. अंधार कसा असतो हेच त्याला माहीत नसतं. बाईंची भीती वेगळी होती. आजूबाजूला सगळे आपापल्या वाटेने चाललेले असताना आपण एकाच जागी खांबासारखं उभं राहायचं, आणि कुणीतरी येऊन हात धरेल म्हणून वाट बघायची, ही ती भीती. आता नेमकं तेच झालं होतं. शाळेत शिरणारी मुलं त्यांना वळसा घालून जात होती.

"चला, मी नेतो," वॉचमन म्हणाले. "पूर्वी नेत होतोच की."

बाईंनी हात पुढे केला. तो हात धरून चालताना त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता. काठी हरवू शकते, एखाद्या वेळी पडूही शकते. पण पडलेल्या काठीच्या जागी आपोआप छत्री येत नाही.

ती कुणीतरी ठेवावी लागते.

२

मुख्याध्यापिकांनी छत्री टेबलावर ठेवली आणि पंखा कमी केला. त्या मनाने चांगल्या होत्या. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणं अवघड जाई.

"मला सकाळपासून सगळं सांगा," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे चहापासून?"

"हो, चहापासून."

बाई सांगू लागल्या. घरात त्या आणि बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पूर्वी बाबाच त्यांना स्कूटरवरून शाळेत सोडत. मागच्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून त्यांनी स्कूटर विकून टाकली. तेव्हापासून बाई फोनवरून गाडी बोलावतात आणि एकट्याच येतात. एकच ड्रायव्हर जवळपास राहतो, त्यामुळे बहुतेक वेळा तोच येतो.

"आज सकाळी बाबांनी चहा केला. ओतताना त्यांचं बोट भाजलं. मी म्हटलं, मलम लावा, तर म्हणाले, काही नाही गं. रेडिओ चालू होता. तेवढ्यात गाडी आल्याचा फोन वाजला. बाबा म्हणाले, आज मी येतो गाडीपर्यंत. त्यांनी माझी पिशवी खांद्याला अडकवली, माझा दंड धरला, आणि आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. बाबा दार उघडायला पुढे झाले. दार उघडेना. मग मागून ड्रायव्हरची हाक आली, काका, इकडे. बाबा हसले. मला गाडीत बसवलं आणि पिशवी माझ्या मांडीवर दिली."

"तेव्हा काठी होती?"

"मी बसल्या बसल्या कप्प्यावरून बोटं फिरवली. रोजच फिरवते. दोरी लागली, समाधान झालं."

"आणि पिशवी पूर्ण वेळ मांडीवरच होती?"

"नाही. चौकात सर चढले. त्यांच्याजवळ चित्रांच्या गुंडाळ्या होत्या, जागा पुरेना. मग ड्रायव्हरने माझी पिशवी पुढच्या सीटवर घेतली. फाटकाशी सरांनीच ती उचलून मला दिली."

मुख्याध्यापिकांच्या बांगड्या टेबलावर घासल्याचा आवाज आला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला कधी अडवलं नाही. पण आज काठी गेली. उद्या काय जाईल? गाडीतल्या गाडीत एखाद्याने तुमची वस्तू बदलावी आणि तुम्हाला पत्ता लागू नये, हे मला झोप लागू देणारं नाही. उद्यापासून सोबत कुणीतरी माणूस घेऊन या. ते जमत नसेल तर घरून काम करा. धडे ध्वनिमुद्रित करून द्या. मुलं ऐकतील."

"मुलं ऐकतील," बाई म्हणाल्या, "पण मी त्यांना कशी ऐकणार?"

मुख्याध्यापिकांनी छत्री उचलून बाईंच्या हातात दिली.

"मला शाळा सुटेपर्यंत वेळ द्या," बाई म्हणाल्या. "काठी कुणी घेतली ते मी शोधून काढते. मिळालं उत्तर, तर मी उद्या एकटी येणार. नाही मिळालं, तर तुम्ही म्हणाल तसं."

३

चित्रकलेचे सर आधी बाईंना भेटायला आले. ते खुर्चीवर बसले नाहीत, टेबलाच्या कडेला टेकले.

"तुम्हाला वाटतंय मीच," ते म्हणाले. "खरं सांगू, मलाही तसंच वाटलं असतं. मागे प्रयोगशाळेच्या सांगाड्याला शिपायाची टोपी कुणी घातली होती? मीच. पण बाई, तुमची काठी? एवढा हलकट नाही हो मी."

"पिशवी तुमच्याजवळून दोनदा गेली."

"गेली. आणि छत्रीचं टोक मला दिसलंही होतं. मी मनात म्हटलं, आज बाईंनी भाचीची छत्री आणलेली दिसते."

"मला भाची नाही."

"मला कुठे माहीत? गाडीत शेजारी बसतो आपण, आणि बोलतो काय, तर आज गर्दी आहे, उद्या सुट्टी आहे."

ते खरं होतं. बाईंनाही सरांच्या घरी कोण कोण आहे, ते माहीत नव्हतं.

वॉचमन आले ते दारातच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मी पिशवीला हात लावलेला नाही," ते म्हणाले. "मी तर पुढे होतच नाही हल्ली. तुम्हीच सांगितलंत, माझी मी जाईन म्हणून. आता तुम्ही टकटक करत जाता, मी बघत राहतो."

"राग आला होता तुम्हाला?"

"राग कसला. सकाळी एवढी मुलं येतात, पण माझ्याशी बोलत कोण होतं? तुम्ही बोलायचात, फाटकापासून वर्गापर्यंत. तेवढंच." मग म्हणाले, "मध्ये तुमचे वडील बाजारात भेटले. अगदी समोरून आले आणि ओळख न दाखवता निघून चालले होते. मीच हाक मारली. तेव्हा थांबले. म्हणाले, माझ्या मुलीला रोज हात धरून वर्गापर्यंत नेता, तुमचे फार उपकार आहेत. आता मी काय बोलणार? मान हलवली."

बाईंना ओशाळल्यासारखं झालं. "मीच त्यांना तसं सांगितलंय," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. खोटं पाडलं नाहीत, बरं केलंत."

दुपारी ड्रायव्हर आला. मुख्याध्यापिकांनी त्याला फोन करून बोलावलं होतं, त्यामुळे तो घाबरलेला होता. एरवी गाडीत सारखी शीळ घालणारा माणूस आज खोकून खोकून बोलत होता.

"मॅडम, काठी घेऊन मी काय करू? शेकोटी पेटवू?"

"डिकीत छत्र्या होत्या तुमच्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "सरांनी पाहिल्या."

"लोक विसरतात. कुणी मागायला आलं तर द्यायला ठेवतो. पण बदकांची नव्हती त्यात. देवाशप्पथ."

"बाईंना उतरायला वेळ लागतो. तुम्हाला घाई असते. काठी नसली की त्यांच्याबरोबर माणूस येईल, पटकन चढवेल, पटकन उतरवेल. असं काही मनात आलं का?"

"घाई असते, नाही म्हणत नाही. पण या बाई फार नेटक्या आहेत. गाडीपाशी आल्यावर आधी मलाच विचारतात, कुणाला न्यायला आलात. मी 'गणिताच्या बाईंना' म्हटल्याशिवाय दाराला हात लावत नाहीत. डोळस लोक मोबाइलमध्ये बघत बघत कुणाच्याही गाडीत जाऊन बसतात."

तो बाहेर गेल्यावर मुख्याध्यापिकांनी उसासा टाकला.

"पिशवी पुढच्या सीटवर त्याच्या बाजूला होती. डिकीत छत्र्या आहेत. आणखी काय हवं? शाळा सुटली की मी तक्रार नोंदवते. एक तक्रार गेली तर त्याची गाडी बंद होईल, मला माहीत आहे. पण माझा नाइलाज आहे."

४

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. बाई खुर्चीत बसल्या आणि छत्री समोर घेतली.

अवघड उदाहरण आलं की मुलं लगेच आकडेमोड करायला धावतात. बाई त्यांना थांबवायच्या. म्हणायच्या, आधी प्रश्न पुन्हा वाचा. निम्म्या वेळा आपण भलत्याच प्रश्नाचं उत्तर काढत बसतो.

सकाळपासून सगळे एकच विचारत होते, काठी कुणाला घेता आली असती. त्याला चार-पाच उत्तरं निघत होती. बाईंनी प्रश्न बदलला. चोराने काठीच्या जागी छत्री कशाला ठेवली?

काठी गेल्याचं बाईंना कळू नये म्हणून. छत्रीची लांबी काठीच्या घडीएवढीच होती. वजनही जवळपास तेवढंच. म्हणजे कुणीतरी हातात घेऊन, तोलून, मुद्दाम निवडलेली छत्री होती ती. कप्पा हलका लागू नये एवढ्यासाठी.

पण कळू नये ते कुठवर? फाटकाशी उतरल्यावर बाईंना पहिल्या पावलाला काठी लागते. हे ड्रायव्हर रोज बघतो. सर बघतात. वॉचमन तर बघून बघून कष्टी झालेले. या तिघांपैकी कुणीही एवढी मेहनत घेऊन असा डाव रचला नसता, जो दुसऱ्या पावलाला उघडा पडणार. सरांनी गंमत म्हणून केलं असतं का? गंमत उघडी पडण्यासाठीच असते.

बाईंनी छत्रीच्या दोरीवरून बोट फिरवलं. गोल, बारीक, न ताणली जाणारी दोरी. काठीच्या घडीला रबराची चपटी पट्टी होती, बोट लावलं की ताणली जाणारी. सकाळी गाडीत बसल्या बसल्या बोटाला काय लागलं होतं? पट्टी की दोरी?

दोरी. मुख्याध्यापिकांना सांगताना त्यांनी स्वतःच 'दोरी' म्हटलं होतं. बोटांनी बरोबर सांगितलं होतं, मनाने ऐकलं नव्हतं. जे असणार असं आपण धरून चालतो, ते आपल्याला लागतं. ज्यांना दिसतं त्यांचंही असंच होत असावं.

म्हणजे सर चढायच्या आधीच, पिशवी पुढच्या सीटवर जायच्या आधीच काठी बदललेली होती. बाई गाडीत बसल्या तेव्हाच पिशवीत बदकं होती.

आता एकच प्रश्न उरला. फाटकापासून वर्गापर्यंत बाईंना काठी लागत नाही, वॉचमन हात धरून नेतात, संध्याकाळपर्यंत काठी पिशवीतच पडून असते, असं समजणारा माणूस कोण?

असा माणूस जगात एकच होता. कारण त्याला तसं बाईंनीच सांगितलं होतं.

बाहेर मुलं पकडापकडी खेळत होती. बाई बराच वेळ छत्रीची मूठ धरून बसून राहिल्या. उत्तर बरोबर आलं होतं. ते त्यांना नको होतं.

शाळा सुटल्यावर त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या, भिंतीला हात लावत लावत.

"तक्रार पाठवू नका. चोर गाडीतला नाही, शाळेतलाही नाही." आणि त्यांनी दोरीचं आणि छत्रीचं सगळं नीट उलगडून सांगितलं. माणसाचं नाव तेवढं सांगितलं नाही.

मुख्याध्यापिकांनी पूर्ण ऐकून घेतलं. "तर्क पक्का आहे," त्या म्हणाल्या. "पण कोण, आणि कशासाठी, ते कळल्याशिवाय मी निश्चिंत कशी होऊ? ते पुन्हा तसंच करणार नाहीत कशावरून?"

"उद्या सांगते."

"ठीक आहे. उद्या एकट्या आलात तर हे उत्तर घेऊन या. नाहीतर सोबत माणूस घेऊन या."

५

परतीच्या गाडीत ड्रायव्हर पुन्हा शीळ घालू लागला होता. सर आज शाळेतच थांबले होते. मागच्या सीटवर बाई एकट्या होत्या.

बाबांना काठी कशाला हवी? याचं एक उत्तर तयारच होतं. मुलीने घरी बसावं म्हणून. ती काठी घेऊन एकटी बाहेर पडू लागली आणि बाबांचं काम संपलं. स्कूटर नाही, सोडणं नाही, आणणं नाही. दिवसभर रिकामं घर. संध्याकाळी बाई परत येत तेव्हा बाबा विचारत, "सगळं ठीक ना?" बाई म्हणत, "सगळं ठीक." मग रेडिओ बोलत राहायचा. दोघंही एकमेकांना घोर नको म्हणून गप्प, आणि त्या गप्पपणात घर किती मोठं होऊन बसलं होतं.

पण म्हणून काठी चोरायची? बाईंना राग आला. मग रागाच्याही खाली एकटं एकटं वाटू लागलं. ज्या माणसाने लहानपणी बोट धरून शाळेचा उंबरठा ओलांडायला लावला, त्यानेच आता दार लावून घ्यावं.

"बाई, एक विचारू?" ड्रायव्हर म्हणाला. "रागावणार नाही ना?"

"विचारा."

"काकांची तब्येत बरी आहे ना? सकाळी ते पुढच्या गाडीचं दार ओढत होते."

"गडबडीत होतं असं. गाड्या सारख्या दिसत असतील."

"सारख्या कशा दिसतील? माझी ही बुटकी, पांढरी. पुढे उभा होता तो मालाचा टेम्पो, चांगला निळा. वर सिलिंडर लादलेले. काका त्याच्या पत्र्यावर हात फिरवत कडी शोधत होते."

बाई सीटवर पुढे सरकल्या.

त्या वेळी त्यांना फक्त खडखड ऐकू आली होती. समोर टेम्पो होता, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. डोळस माणूस टेम्पोला गाडी समजत नाही.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसू लागली. चहा ओतताना बोट का भाजलं? कारण ते कपाच्या आत होतं. कप किती भरला हे कळावं म्हणून बाई स्वतः तसंच करायच्या, गार पाण्याने शिकल्या होत्या त्या. सकाळी रेडिओ का चालू असतो? कारण वर्तमानपत्राची सळसळ कधीच बंद झाली होती. वॉचमन समोरून आले तरी बाबांनी ओळख का दाखवली नाही? स्कूटर का विकली? गुडघा दुखणारा माणूस जिन्याची तक्रार करतो, बाबांनी कधी केली नव्हती.

आणि सकाळचा तो दंड. लहानपणापासून चालताना बाई बाबांचा दंड धरत. बाबा अर्धं पाऊल पुढे, बाई मागे. बघणारा पुढे असतो, धरणारा मागे. आज बाबांनी बाईंचा दंड धरला होता. बाईंना वाटलं, माया.

छत्रीवर बदकं का होती, तेही आता कळलं. ज्याने ती निवडली, त्याने ती पाहिलीच नव्हती.

पांढरी काठी कोण चोरेल, असं सकाळपासून सगळे डोकं खाजवत होते. उत्तर इतकं सरळ होतं की, कुणाला सुचलं नाही. ज्याला तिची गरज असते, तोच ती घेतो.

"दादा," बाई म्हणाल्या, "जरा लवकर चला."

६

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "घरापर्यंत सोडतो, काठी नाही तुमच्याकडे." बाई म्हणाल्या, "मला त्या कुंपणाच्या भिंतीपाशी उभं करा आणि तुम्ही जा. ही गल्ली मला पाठ आहे." त्याने तसं केलं. जाताना म्हणाला, "उद्या येतो. कुणाला न्यायला, ते पाठ आहे."

बाईंनी घरचा फोन लावला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. त्या भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

कुठेतरी नळ गळत होता. वरच्या मजल्यावर कुणी चादर झटकली. मग बाहेरच्या रस्त्यावर बऱ्याच लांबून एका गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर तो आवाज.

टिक.

ती त्यांचीच काठी होती. तोच सैल सांधा. पण चाल अगदी कच्ची होती. काठी झाडूसारखी डावीकडे-उजवीकडे ओढली जात होती, मध्येच जोरात आपटत होती. कचऱ्याच्या डब्यावर ठण्ण झालं. कुणीतरी डब्यालाच "माफ करा" म्हटलं. मग पुन्हा टिक, पुन्हा खरडणं. आवाज भिंतीच्या कडेकडेने जवळ येत होता आणि दर थोड्या वेळाने थांबत होता, जसं एखादं मूल उत्तर चुकेल म्हणून ओळीच्या मध्येच थांबतं.

आवाज अगदी समोर आला तेव्हा बाई म्हणाल्या, "बाबा, मनगट सैल ठेवा."

काठी थांबली.

"खारू?" बाबा म्हणाले. लहानपणापासून ते बाईंना खारूच म्हणत. "तू आज लवकर?"

"मी वेळेवर. तुम्ही उशिरा."

"मला वाटलं तुझ्या आधी पोचेन. पिशवीत परत ठेवून देईन. तुला कळायचंसुद्धा नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "पण तू वर्गापर्यंत गेलीस ना नीट? वॉचमन होते ना?"

"वॉचमन मला नेत नाहीत, बाबा. बरेच महिने झाले. मी काठीनेच जाते. तुम्हाला उगाच सांगितलं होतं."

"म्हणजे आज तू तिथे..." काठीचं टोक जमिनीवर खरडलं.

"कुठे गेला होतात?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात. आज शेवटचं सांगणार होते. आता उजेड कळतो, आकार कळतात. बाकी धुकं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही. आहे तेवढं राहिलं तर राहिलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला काय सांगू? इतकी वर्षं तुला सांगत आलो, तुझ्या वाटचं मी बघतो. आता कुठल्या तोंडानं सांगणार? आणि काठी न घेता जात होतो गं मागच्या वेळी. रस्त्यात एकाला धडकलो. तो म्हणाला, दिसत नाही का? गाडीवाल्यानेही खेकसून घेतलं. आज काठी हातात होती. कुणी ओरडलं नाही. ड्रायव्हरने खाली उतरून दार उघडलं. एवढ्यासाठी घेतली. एका दिवसासाठी."

बाईंना दिवसभराचा राग आठवला, आणि तो कुठे गेला तेही कळलं नाही. या माणसाच्या शेजारच्या खोलीत राहून, त्याच्याच हातचा चहा पिऊन, त्यांना काही कळलं नव्हतं. गप्प राहण्यात दोघंही सारखेच हुशार निघाले होते.

"छत्री कुठून आणलीत?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून. हातात घेऊन घेऊन बघितली, बरोबर तेवढी. दुकानदार म्हणाला, रंग चालेल ना? मी म्हटलं, रंगाला काय करायचंय. काळी असेल ना?"

"गुलाबी आहे," बाई म्हणाल्या. "वर पिवळी बदकं."

बाबांच्या नाकातून एक आवाज आला, मग दुसरा, आणि मग दोघंही भिंतीला टेकून हसू लागले. हसता हसता बाबांचं हसणं मध्येच मोडलं, आणि ते मोडलेलं ऐकून बाईंनी त्यांचा हात शोधून घट्ट धरला.

"तुझ्या मोठ्या बाईंना काय सांगशील?" बाबांनी नाक पुसत विचारलं.

"सांगेन की काठी चोरीला गेलीच नव्हती. घरातल्या माणसाने उसनी नेली होती, आणि आता त्याला त्याची स्वतःची मिळणार आहे."

"मग मी उद्यापासून तुझ्याबरोबर येत जाऊ का? गाडीत बसेन नुसता."

बाईंना ते किती सोपं झालं असतं. मुख्याध्यापिकांना हवा होता तो माणूस आयताच मिळाला असता. बाबांना दिवस भरायला काम मिळालं असतं. दोघं एकमेकांना धरून बसले असते, आणि हळूहळू दोघांचंही बाहेर पडणं एकमेकांवर अडून राहिलं असतं.

"नको," त्या म्हणाल्या. "मी माझ्या गाडीने जाईन, तुम्ही तुमच्या. दवाखान्यात जा, बाजारात जा, वॉचमनकडे गप्पा मारायला या. त्यांना बोलायला माणूस हवाय. पण गाडीपाशी आल्यावर आधी ड्रायव्हरला विचारायचं, कुणाला न्यायला आलात. तो नीट सांगेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. आणि टेम्पोला तर मुळीच नाही."

"तो टेम्पो होता?" बाबांनी विचारलं.

"सिलिंडरचा."

बाबांनी मान हलवली असावी. मग त्यांनी काठी पुढे केली. "घे तुझी."

"घरी पोचेपर्यंत तुमच्याच हातात राहू दे. डावा पाय पुढे टाकला की काठी उजवीकडे. उजवा टाकला की डावीकडे. पुढचं पाऊल जिथे पडणार, तिथे काठी आधी जाऊन येते. आपटायचं नाही, नुसतं विचारायचं."

"चुकलो तर?"

"तर पुन्हा."

बाबा भिंत सोडून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. एकदा खरडलं. एकदा ठण्ण झालं. मग टिक, आणि थोडं थांबून पुन्हा टिक. चाल अजून कच्चीच होती, पण आता ती मध्येच थांबत नव्हती. गुलाबी छत्री बगलेत धरून बाई त्या आवाजाच्या अर्धं पाऊल मागे चालू लागल्या, लहानपणी चालत तशा.